रिकाम्या यंत्राची मोजणी

बाबा शेवटचा डबा घेऊन आले तेव्हा मी यंत्रासमोर नुकतीच बसले होते. डबा कापडी पिशवीत, पिशवीचं तोंड सुतळीने बांधलेलं आणि वर चिठ्ठी: ‘उघडू नये. पश्चात्ताप होईल.’

“कोण उघडणार आहे, बाबा?”

“सांगता येत नाही. खाली नोंदणीला बसलेली मुलगी रोज विचारते, काका, आज आमच्यासाठी काय आणलंत?”

काही महिन्यांपासून बाबांचं रक्त कमी होत होतं आणि कारण सापडत नव्हतं. पोटात किंवा आतड्यात कुठेतरी ते थोडंथोडं झिरपत असावं, असा डॉक्टरांचा अंदाज होता. ते नेमकं किती जातंय हे शोधणं दवाखान्यातल्या माझ्या खात्याचं काम. आधी थोडं रक्त काढून त्यातल्या लाल पेशींना किरणोत्सारी क्रोमियम चिकटवायचं आणि ते रक्त परत शिरेतून द्यायचं. मग रोज शौचावाटे जे बाहेर पडेल ते सगळं डब्यात भरून आणायचं. डब्यात जितकं क्रोमियम सापडेल, त्यावरून गळालेलं रक्त कळतं. रविवार सोडून रोज अकराला बाप हौसेने डबे आणून देतोय आणि लेक ते मोजतेय, असं आमचं चाललं होतं.

बाबांचा जन्म वजनकाटे दुरुस्त करण्यात गेला होता. माझ्या यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता.

“आत काही नसताना हे आकडा कसा दाखवतं गं? रिकामा काटा शून्यावर पाहिजे.”

“भिंतींतून, हवेतून थोडं येतच असतं, बाबा. आधी ते मोजायचं आणि नंतर वजा करायचं.”

“म्हणजे काटा खोटा आहे हे माहीत असून वापरता. आमच्या धंद्यात याला दंड होता.”

यंत्राभोवती शिशाच्या जाड विटा होत्या. फक्त दाराकडची बाजू उघडी, डबा आत सरकवण्यापुरती. त्यामुळे बाबा उंबऱ्यात उभे राहिले की त्यांच्या अंगातलं क्रोमियम मोजणीत शिरायचं आणि आकडा चढायचा. मी न वळताच म्हणायचे, “बाजूला व्हा. तुम्ही मोजणीत येताय.”

“चला, अजून मोजतात आपल्याला!” असं म्हणून ते बाहेरच्या बाकावर जायचे. जरा वेळाने परत उंबऱ्यात.

त्या दिवशी हिशेब पूर्ण झाला. रक्त जात होतं, पण थोडं. औषधाने थांबेल इतकंच. बाबा खूश झाले. “गळती सापडली ना? मग आता बूच मारा.” पिशवीची घडी खिशात घालून ते घरी गेले, जेवले, खिडकीजवळच्या पलंगावर आडवे झाले आणि उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं होतं. रक्ताचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

सगळं आटोपून मी कामावर परत आले. सकाळची रिकामी मोजणी नेहमीसारखी आली, साडेतीनशेच्या आसपास. अकराच्या सुमाराला पुन्हा घेतली तेव्हा पाचशेच्या वर. वाटलं, शेजारच्या खोलीत कोणी रुग्ण असेल. जाऊन पाहिलं तर खोलीला कुलूप. बाबांचे डबे तळघरातल्या कोठीत केव्हाच रवाना झाले होते. टेबल पुसलं, हातमोजे बदलले, पुन्हा मोजलं. आकडा तोच.

मी दार लावलं. दाराला आतून शिशाचा पत्रा आहे. आकडा साडेतीनशेवर आला.

दार उघडलं. पाचशे.

आठवडाभर हेच झालं, तेव्हा मी आमच्याकडच्या भौतिकशास्त्राच्या सरांना बोलावलं. सर संशयी स्वभावाचे. त्यांनी हातातलं मोजयंत्र उंबऱ्यावरून, चौकटीवरून, बाकाखालून फिरवलं. ते गप्पच राहिलं. मग त्यांनी माझ्या यंत्रावर किरणांची ऊर्जा तपासली.

“क्रोमियमच आहे,” ते म्हणाले. “कुठेतरी सांडलंय.”

“कुठे?”

“ते सापडलं असतं तर सांगितलं नसतं का?” त्यांनी चष्मा पुसला. “रविवारी नसतं म्हणता?”

“नसतं. अकराच्या आधीही नसतं.”

“सांडलेलं क्रोमियम सुट्टी घेत नाही, बाई.” यावर आम्ही दोघंही हसलो.

घरी आई बाबांचे कपडे आवरत होती. मी समोर बसून घड्या घालत होते.

“दवाखान्याचा माणूस डबे न्यायला घरी येणार होता,” ती म्हणाली. “यांनीच नको म्हणून सांगितलं. म्हणे, तेवढंच लेकीला काम करताना बघता येतं. घरी पुस्तकातून मान वर कुठे काढते ती?”

मी शर्टाची बाही सरळ केली. दाराशी त्यांची चाहूल लागली की माझा जीव थाऱ्यावर यायचा, हात हलका चालायचा. ते यायला उशीर झाला तर मी घड्याळाकडे बघायचे. हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं. बाजूला व्हा, एवढंच सांगितलं होतं.

पुढचे आठवडे वाईट गेले नाहीत. खरं तर चांगलेच गेले. अकरा वाजता मी दार उघडं ठेवायचे, जास्तीचा आकडा वजा करायचे आणि काम करायचे. जेवण जाऊ लागलं. झोप लागू लागली. उंबऱ्याकडे मी बघत नसे. बघितलं असतं तर तिथे फक्त बाहेरच्या भिंतीचा पिवळा रंग दिसला असता, हे मला माहीत होतं.

सर मात्र रोजचा आकडा आलेखावर मांडत होते. एक दिवस कागद घेऊन आले.

“बघा, दर महिन्याला जवळजवळ निम्मं होतंय. क्रोमियम असंच उतरतं.”

“म्हणजे संपेल.”

“संपणार नाही. पण भिंतींतून येतं त्यात मिसळून जाईल. मग असलं काय आणि नसलं काय, आपल्याला कळायचं नाही.”

“कधी?”

“आता फार वेळ नाही.” जाता जाता ते थांबले. कागद माझ्या टेबलावर ठेवून गेले.

जास्तीचा आकडा साठावर आला, मग तिसावर. मग एका सकाळी अकरा वाजून गेले तरी दार लावून घेतलेल्या मोजणीत आणि उघडं ठेवून घेतलेल्या मोजणीत फरक सांगता येईना. मी पुन्हा मोजली. पुन्हा. बाहेर कोणीतरी फरशी पुसत होतं, ओल्या फडक्याचा वास येत होता.

इतके दिवस मिळाले होते आणि मी एक वाक्य बोलले नव्हते. यंत्राशी काय बोलायचं, असं वाटायचं.

आणखी एकदा बटण दाबलं.

आकडा थोडा चढला.

पुढच्या मोजणीत आणखी चढला. अंतर निम्मं झालं की किरणं चौपट होतात, हे मी दरवर्षी नव्या मुलांना शिकवते.

फडक्याचा आवाज थांबला होता.

आकडा पाचशेच्या पुढे गेला. मग हजाराच्या. इतका तो बाबा जिवंत असतानाही कधी गेला नव्हता. ते कधी उंबऱ्याच्या आत आलेच नव्हते.

माझ्या खुर्चीची पाठ किंचित मागे वाकली, कोणी उभं राहून तिच्यावर हात टेकवावेत तशी.

मी वळले नाही.

“तुम्ही इथे येऊन उभे राहायचात ना, बाबा,” मी म्हणाले, “मला फार आवडायचं.”