हुंकाराला माणूस

१९९९ साली मी नाशिकच्या एका कॉलेजात भाषाविज्ञान शिकवत होते आणि सुट्टीत सुरगाण्याकडच्या पाड्यांवर जाऊन जुन्या बोलीतल्या कथा टेप करत होते. लोक चहा देत, नागलीची भाकरी देत, कथाही देत. एका पाड्यावरच्या म्हाताऱ्या भागीबाईंनी मात्र नकारार्थी मान हलवली.

त्यांच्याकडे कथा सांगायची रीत अशी: सांगणाऱ्यासमोर हुंकार देणारा बसतो. प्रत्येक वाक्याला त्याचा ‘हूं’ आला, की कथा पुढे सरकते. कळल्याशिवाय हुंकार द्यायचा नाही, आणि एकदा दिला की शेवटापर्यंत उठायचं नाही. कथा संपली की पाळी बदलते. हुंकार देणारा सांगू लागतो. मला हे ऐकताच पटलं. बुवा कितीही रसाळ असोत, मागे टाळकऱ्यांनी चाल उचलली नाही तर कीर्तन जमिनीवरच राहतं, हे मी लहानपणापासून पाहिलंय.

भागीबाईंना हुंकार द्यायचे ते त्यांचे यजमान, केरू. मागच्या हिवाळ्यात एक कथा अर्ध्यावर असताना ते बसल्या जागी गेले. तेव्हापासून त्या कथेतली मुलगी नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. ती कथा येणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि भागीबाईंना चार पावलांत दम लागत होता.

"पोर गारठली असंल, बाई," त्या म्हणाल्या. "तिला वर काढल्याबिगर मी कशी जाऊ?"

मी हुंकार देऊन पाहिला. त्यांनी हसून माझ्या गालावरून हात फिरवला. मला निम्मं कळत नव्हतं, हे त्यांनी ओळखलं होतं. मुलगा लहानू नाशिकला द्राक्षबागेत कामाला, आईला बघायला आला होता. लहानपणीच आश्रमशाळेत गेला, बोली तिथेच गळाली. तोही आईसमोर बसला आणि मान खाली घालून उठला. "तोंडदेखला हूं कसा देऊ, मॅडम? आईला फसवल्यासारखं व्हतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी भागीबाईंनी आपणहून टेपचं मशीन मागितलं. चुलीशेजारी सुरू करून ठेवायला लावलं, समोर केरूंचं घोंगडं अंथरलं आणि आम्हाला बाहेर पाठवलं. आम्ही दाराशी बसलो. आतून त्यांचा आवाज येत होता. एक वाक्य, मग थांबणं. पुन्हा एक वाक्य.

ऊन उतरल्यावर त्या दार धरून बाहेर आल्या. "आली वर," एवढंच म्हणाल्या. मी आत जाऊन मशीन बंद केलं. घोंगडं गोळा करताना हाताला ऊब लागली.

आठवड्याभरात त्या गेल्या. पांडुरंगा, सुटली बिचारी, असं मी मनात म्हटलं.

दिवसकार्य उरकून लहानू कॉलेजवर आला. त्याला आईचा आवाज ऐकायचा होता. मी कॅसेट लावली. भागीबाईंचं पहिलं वाक्य आलं. त्यामागे एक थकला, पुरुषी ‘हूं’. मग बारीक खोकला.

"बा हाय," लहानू म्हणाला.

त्या घराला एकच दार होतं, आणि त्या दारात आम्ही बसलो होतो.

वाक्यामागे हुंकार, हुंकारामागे वाक्य. मुलगी काठाला लागली. दार वाजलं, "आली वर" ऐकू आलं, माझी पावलं आली.

इथे मी मशीन बंद केलं होतं.

कॅसेट फिरत राहिली.

पुन्हा तो खोकला. जड, सावकाश आवाजात केरू सांगू लागले. एक वाक्य झालं आणि आवाज थांबला. कुणाची तरी वाट पाहावी तसा.

माझा हात बटणाकडे गेला.

"हूं," लहानू म्हणाला.

आवाज पुढे सरकला. लहानूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कळतंय, मॅडम," तो कुजबुजला. "सगळं कळतंय."

कॅसेट संपली. बटण खटकन वर आलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, चहाला चल म्हटलं.

त्याने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे मान कलती करून, थांबून थांबून, तो हुंकार देत राहिला.