तळं किती खोल?

"आमचं तळं दर दोन-चार दिवसांनी पंधरा फुटांनी खोल होतं," कुलसचिव म्हणाले, "आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा उथळ होतं."

तपासनीसांनी हातातलं पेन खाली ठेवलं. कोपऱ्यात पेंगणारे त्यांचे साडू खाडकन जागे झाले. निवृत्तीनंतर घरात करमत नाही म्हणून साडू रोज या कचेरीत येऊन बसत आणि प्रत्येक प्रकरणाचा उलगडा पहिल्या पाच मिनिटांत करून टाकत. तो आजवर एकदाही बरोबर निघाला नव्हता.

"म्हणजे संकेतस्थळावरचं तळं," कुलसचिवांनी खुलासा केला.

त्यांच्या केंद्रीय विद्यापीठाच्या संकेतस्थळावर एक माहितीपान होतं. विद्यार्थी किती, विभाग किती, ग्रंथालयात पुस्तकं किती, असे सगळे आकडे त्यावर होते. वर्तमानपत्रं, सरकारी खाती, परीक्षांची पुस्तकं छापणारे, सगळे तिथूनच आकडे उचलत. त्यातच आवारातल्या तळ्याची खोली दिलेली होती : ४ फूट. कुणीतरी ती मधूनमधून १९ फूट करत होतं.

"पासवर्ड सगळ्या विभागांना एकच आहे," कुलसचिव म्हणाले. "कुणी बदललं ते कळत नाही. बदल होतो जेवणाच्या सुट्टीत, ग्रंथालयातल्या सार्वजनिक संगणकावरून. तिथं कुणीही बसू शकतं."

"आणखी काय बदलतं?"

"बाकी आकड्यांना धक्का नाही. फक्त खोली. आणि हो, तारीख."

"कसली तारीख?"

"प्रत्येक आकड्यासमोर तो शेवटचा कधी तपासला याची तारीख असते. हा महाभाग तीही त्या दिवशीची करून टाकतो." कुलसचिवांनी कपाळ पुसलं. "पुढच्या आठवड्यात नव्या मुलांचं स्वागत शिबिर आहे, तळ्यात खेळ ठेवलेत. पालक पान बघून फोन करताहेत, आमची मुलं बुडवायची आहेत का म्हणून. माणूस शोधून द्या."

ते गेल्यावर साडू म्हणाले, "एखाद्या नापास पोराचा चावटपणा. झालं प्रकरण."

"चावट पोरगं तारीख कशाला बदलेल?" तपासनीसांनी विचारलं आणि छत्रीसाठी हात पुढे केला. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

माहिती अधिकारी बाईंची खोली ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर होती. चाळिशीच्या, नीटनेटक्या, बोलताना प्रत्येक शब्द पारखून घेणाऱ्या बाई. साडूंना त्यांनी खिडकीजवळची खुर्ची दिली. ऊन थेट डोळ्यांवर आलं. साडूंनी पडदा ओढायला हात घातला, पण दोरीच नव्हती. दुसऱ्या खिडकीला होती.

"ती तुटली," बाई म्हणाल्या. "इकडे बसा तुम्ही."

तेवढ्यात त्यांचं लक्ष संगणकाच्या पडद्यावर गेलं. "अरे देवा. रसायनवाल्यांनी पुन्हा घोळ घातला. निवृत्त झालेल्या सरांनाही मोजलंय." त्यांनी फोन लावला, आकडा विचारून घेतला, दुरुस्त केला, तारीख घातली. सगळं तपासनीसांचा चहा निवायच्या आत.

"फारच तत्पर आहात," तपासनीस म्हणाले.

"चुकीचा आकडा पानावर राहिला की मला अन्न गोड लागत नाही."

"मग तळ्याचा आकडा संध्याकाळपर्यंत कसा राहतो?"

बाईंनी समोरचे कागद सारखे केले. "कुलसचिवांचा फोन आला की मी मंजूर आकडा परत घालते."

"तुम्ही कधी तळ्यावर गेला होतात?"

"पानासाठी फोटो काढायला गेले होते एकदा. होडीतून."

जिन्यावर साडू कुजबुजले, "बाई सरळ आहेत. मला भूगोलवाल्यांचा संशय येतोय. कुलसचिवांशी त्यांचं वाकडं आहे, खाली चहावाला सांगत होता."

भूगोलाचे प्राध्यापक आपलं वाकडं लपवायच्या भानगडीत पडले नाहीत. "त्या माणसाला मी नमस्कारसुद्धा करत नाही," ते म्हणाले. "पण आकडा मी बदललेला नाही. एकोणीस फूट! फूट हे काय माप झालं? माझ्या वर्गात कुणी फुटात उत्तर दिलं तर मी गुण कापतो. मी बदललं असतं तर मीटरमध्ये बदललं असतं, दशांश चिन्हासकट."

"तळं खरंच चार फूट आहे?"

"आम्ही मोजलं तेव्हा होतं. नवं मैदान व्हायच्या आधीची गोष्ट. अलीकडे तिकडे फिरकलेलो नाही."

स्थापत्य विभागाचे अभियंता त्यांना त्या नव्या मैदानावरच भेटले. तरुण, गडगडाटी हसणारे. हे मैदान म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

"इथं सखल दलदल होती," ते हात पसरून म्हणाले. "पुरुषभर भराव घातलाय. आणि गंमत सांगू? फाटकातून मातीचा एक ट्रक आत आला नाही!"

"वा!" साडू म्हणाले.

"आणि तळं?" तपासनीसांनी विचारलं.

हसू जरासं आखडलं. "चार फूट. नकाशावर माझी सही आहे. मी वहिनीला... म्हणजे माहिती अधिकारी बाईंना लेखी दिलंय तसं."

तपासनीसांनी मान डोलावली आणि तळ्याची वाट धरली.

तळ्याकाठी होड्यांची शेड होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आडव्या टेकवलेल्या लांब बांबूवर कोळ्यांनी ऐसपैस जाळी विणली होती. शेजारी दोन नवी वल्ही होती, अजून ओली.

"बांबू कशाला असतो हो होडीत?" साडूंनी विचारलं.

"उथळ पाण्यात तळाला टेकवून होडी ढकलायला."

"मग तो वापरत का नाहीत?"

तपासनीस साडूंकडे कौतुकानं बघत राहिले. "साडूभाऊ, आज तुम्ही पहिल्यांदा बरोबर प्रश्न विचारलात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना तळ्याकाठी बोलावलं. कुलसचिव, बाई, अभियंता आणि कुलसचिवांकडे पाठ करून उभे राहिलेले प्राध्यापक. पाणी हिरवं, गुळगुळीत, अगदी निरुपद्रवी दिसत होतं.

"अभियंतासाहेब," तपासनीस म्हणाले, "तळं चार फूट आहे ना? मग मधोमध चालत जाऊन या. गळ्यापर्यंतसुद्धा पाणी लागायचं नाही."

अभियंता हसले. बूट काढले. पँट दुमडली. काठाशी आले आणि तिथंच थांबले.

कुलसचिवांनी एकदा पाण्याकडे आणि एकदा अभियंत्यांकडे पाहिलं, आणि त्यांचा रंग उतरला.

"येत नाही मला पोहता," अभियंता अखेर पुटपुटले.

"मैदानाला पुरुषभर भराव लागला," तपासनीस म्हणाले. "बाहेरून एक ट्रक आला नाही. मग माती आली कुठून? आवारात एवढा मोठा खड्डा एकच असू शकतो, आणि तो पाण्याखाली आहे, म्हणून कुणाला दिसत नाही. बांबू तळाला पोचेना, तेव्हा होडीवाल्यानं वल्ही आणली. प्राध्यापकांनी मोजलं ते खोदाईच्या आधी. म्हणजे कुलसचिव, पानावर खोटा आकडा अधूनमधून येत नव्हता. खोटा आकडा रोजच होता. खरा अधूनमधून येत होता."

"पण टाकत कोण होतं?" साडूंना राहवेना.

"ज्याला तारखेशिवाय आकडा अर्धवट वाटतो असं माणूस. थट्टा करणारा तारीख बदलत नाही. तारीख बदलण्याचा अर्थ एकच, मी हे तपासलंय. प्राध्यापकांनी मीटर लिहिले असते. अभियंत्यांना तर आकडा दडवायचा होता. उरलं कोण?" तपासनीस बाईंकडे वळले. "रसायनशास्त्राची चूक तुम्ही चहा निवायच्या आत सुधारली. तळ्याचा आकडा मात्र फोन येईपर्यंत तसाच ठेवायचात. आणि परत घालायचात तो 'मंजूर' आकडा. बरोबर आकडा असं तुमच्या तोंडून एकदाही आलं नाही. खोटं बोलणं तुम्हाला जमत नाही, बाई. पडद्याची दोरीसुद्धा तुटली नव्हती. ती पाण्यात गेली होती."

बाईंनी पदर सावरला. "फोटो काढताना होडीवाल्यानं होडी थांबवायला वल्हं उभं पाण्यात खुपसलं. कोपरापर्यंत हात बुडाला, तरी ते टेकलंच नाही. मग मी दोरीला वजन बांधून एकटीच आले."

"मला का नाही सांगितलंत?" कुलसचिव ओरडले.

उत्तर अभियंत्यांनी दिलं. "मला सांगितलं होतं. घरी. मी त्यांचा धाकटा दीर." ते अजून अनवाणीच उभे होते. "सुट्टीत तळं आटलेलं असताना परवानगी न घेता खोदलं होतं, नोकरी जाईल असं वाटलं. म्हटलं, वहिनी, थोडे दिवस थांब, मी नकाशा बदलतो. आज बदलतो, उद्या बदलतो करत राहिलो. आणि मधेच शिबिराचं ठरलं."

"हे गेल्यावर मीच याला वाढवलंय," बाई हळूच म्हणाल्या. "याचं नाव घेऊन तक्रार करायला हात धजेना. आणि तो आकडा तसाच ठेवायलाही धजेना. वाटलं, इतका बोभाटा होईल की कुणीतरी एकदा पाण्यात दोरी सोडून बघेल."

कुलसचिवांनी खिशातून फोन काढला आणि पहिलं काम म्हणून शिबिरातले पाण्याचे खेळ रद्द करायला सांगितले. दुसरा फोन तळ्याला कुंपण घालण्यासाठी होता. "तुमचं दोघांचं नंतर बघतो," ते दीर-भावजयीकडे वळून म्हणाले. "आधी आकडा पक्का करा. सगळ्यांसमोर."

होडी निघाली. वल्ही होडीवाल्याकडे. अभियंत्यांनी मोजपट्टी हातात घेतली, टोकाला वजन बांधलं आणि मधोमध पोचल्यावर पाण्यात सोडलं. बाई शेजारी वाकून बघत होत्या. काठावर साडू श्वास रोखून उभे होते.

"तेवीस," अभियंत्यांचा आवाज पाण्यावरून आला.

बाईंचा चेहरा एकदम पडला. चोरी पकडली गेली तेव्हासुद्धा तो असा पडला नव्हता.

"तेवीस? असं कसं? माझे एकोणीस भरले होते!"

"तू काठाजवळ मोजलं असशील, वहिनी. तिथं उतार आहे."

"म्हणजे इतके दिवस मी पानावर चुकीचा आकडा टाकत होते," बाई म्हणाल्या. त्यांनी दिराच्या हातातली मोजपट्टी ओढून घेतली. "सरक तिकडे. मी मोजते. आणि नीट बस, तुला पोहता येत नाही."