गोळ्याची राखण

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावाला लागूनच लष्कराचं तोफांच्या सरावाचं रान आहे. न फुटलेला गोळा दिसला, की त्याच्याभोवती चुना फासलेले दगड मांडायचे आणि ज्यानं पाहिला त्यानंच पलटण येईस्तोवर तो राखायचा, अशी गावाची रीत. एकाहत्तरच्या डिसेंबरात, लढाई चालू असताना, एक गोळा भरकटून थेट शाळेमागं रुतला. तो सहादूनं पाहिला. भंगार वेचून पोट भरणारा माणूस. तीन दिवस तो तिथं पोरं हाकलत बसला. पलटण यायच्या तासभर आधी गोळा फुटला. पोरं वाचली. सहादूचं एक पायताण तेवढं सापडलं.

पुढं देशाच्या संरक्षणाला हातभार लावणाऱ्या नागरिकांसाठी सरकारनं पदक काढलं. तलाठी मी, त्यामुळं शिफारस माझ्या हातची. मी सरपंच रंगनाथरावांचं नाव लिहिलं. त्यांच्या पंगतीत माझं पान पहिलं असे. आणि भंगारचोराला कसलं आलंय पदक? सहादूची बायको गोजरबाई चावडीत विचारायला आली, तेव्हा मी हसत म्हणालो, "लावायचं कुठं, बाई? छाती तरी राहिलीय का त्याची?"

ती रडली नाही. "मग राखणबी त्येंनीच करावी," म्हणाली आणि गेली.

बहात्तरच्या पंधरा ऑगस्टला पारनेरात रंगनाथरावांना पदक लागलं. आयत्या बिळावरचे हे नागोबा डुलत गावात आले, तर वेशीतच मिरवणुकीचे बैल बिथरून पळाले. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांचा पाळलेला कुत्रा वीस पावलांवर थांबला, पुढं येईना. मग घरचे गडी. मग पोटची पोरं. कारण कुणालाच सांगता येईना.

चौथ्या सकाळी त्यांच्या बाजेभोवती चुन्याचे दगड होते. मी स्वतः उचलून फेकले. जेवून आलो, तर जागच्या जागी. मला भीती वाटली.

रंगनाथराव छातीवर पदक तसंच लावून ताठ बसले होते. "भाऊसाहेब, ह्ये काढा. माजे हात उचलत न्हाईत."

माझे पाय मात्र अडले नाहीत. पदक गरम होतं. ते काढताच त्यांची पोरं धावत येऊन त्यांना बिलगली.

मी तसाच गोजरबाईच्या दारात गेलो. "घे बाई, तुझंच आहे."

"कागुद तुमीच लिवला न्हवं?" ती म्हणाली. "राखा आता."

तिनं दार लावलं. पदक उंबऱ्यावर ठेवायला गेलो, तर मूठ उघडेना.

घरी आलो. अंगणात बसलो. धाकटी "बाबा" म्हणत धावत आली आणि मध्येच थांबली.

बायकोनं ताट वाढून भुईवर ठेवलं. धुणं वाळत घालायच्या काठीनं ते माझ्याकडे ढकलू लागली. ती रडत होती, पण पुढं येत नव्हती.

काठी संपली, तिथं ताट थांबलं. माझा हात तिथवर पोचत नव्हता, आणि मला उठता येत नव्हतं.