परसातला वाढणारा दगड

जुईलीचे पाय जमिनीला टेकेनात, म्हणून ती सकाळपासून बुचकळ्यात पडली होती.

घरामागचं परस घराच्या दिशेने उतरतं होतं आणि उताराच्या मध्यावर, रातांब्याच्या (कोकमाच्या) झाडाखाली, एक काळा दगड होता. गेल्या पावसाळ्यात त्यावर बसलं की तिचे तळवे मातीला छान टेकायचे. वर्षभरात ती चांगली पाच सेंटिमीटर वाढली होती. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूणच होती तशी. म्हणजे पाय आता आरामात टेकायला हवेत. पण ते चक्क लोंबकळत होते.

"केरोबा, दगड वाढतात का रे?"

केरोबा हा घरचा झाडलोट करणारा यंत्रमानव. उतारावर चालायला सहा पाय, दोन हात, आणि पाठीवर केराची टोपली. त्याने खराटा थांबवला.

"दगड वाढत नाहीत. तुमचे पाय आखडले असावेत."

"काहीतरीच!" जुईली म्हणाली. पण दगड वाढत नाहीत आणि पायही आखडत नाहीत, तर मग झालं काय?

विचारायचं तर आजोबांना. ते मंगळावरच्या मातीचे शास्त्रज्ञ. तिकडच्या यानांनी पाठवलेल्या मातीवर त्यांची हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर ते कोकणातल्या कातळवणे गावी येऊन राहिले. दुसऱ्या ग्रहाच्या धुळीवर जीव टाकणाऱ्या या माणसाला स्वतःच्या परसात मात्र एक वाळकं पान खपत नसे. केरोबा दिवसातून दोनदा सगळा उतार लख्ख झाडायचा. पावसाचं पाणी झटकन निघून जावं म्हणून वरपासून खालपर्यंत त्याने एक सरळसोट चरही खणला होता. वाडीतली माणसं हे परस मुद्दाम बघायला यायची आणि आजोबांची मान ताठ व्हायची.

त्या गुरुवारी मात्र वेगळंच माणूस आलं. ग्रामपंचायतीतर्फे धोक्याची झाडं तपासणाऱ्या सुलक्षणाताई. रातांब्याची मुळं सापांच्या वेटोळ्यांसारखी वर आली होती. ताईंनी खोडाला कोनमापक लावला.

"अकरा अंश कललाहा, काका. माका वायट वाटता, पण आणखी कलला तर सरळ स्वयंपाकघरार पडात. सोमवारी परत मोजतंय. बारा झाले तर तोडूक लागात."

आजोबा चहाही न घेता आत निघून गेले.

ते झाड आजीने लावलेलं होतं. जुईलीला आजी फक्त फोटोतली माहीत. पण दर उन्हाळ्यात रातांब्यांचं सरबत पुढे करताना आजोबा म्हणायचे, "घे, तुझ्या आजीच्या हातचं." करायचे मात्र स्वतःच. झाड गेलं की तेवढीशी आजीही जाणार, या विचाराने जुईलीला रडू कोसळलं. ती दगडाशी उकिडवी बसली आणि नाक पुसता पुसता तिला काहीतरी दिसलं.

दगडावर शेवाळ होतं, पण जमिनीपर्यंत नव्हतं. खालचा चार बोटं रुंदीचा पट्टा कोराच होता. शेजारी बाटलीचं एक झाकण पडलेलं होतं. केरोबाच्या तावडीतून सुटलेलं ते बहुधा एकमेव झाकण असावं. ते जमिनीवर नव्हतंच. मातीच्या एका बारक्या खांबावर ते टोपीसारखं बसलं होतं.

"आजोबा! लवकर या!"

आजोबा आले. आधी शेवाळाची रेघ बघितली, मग झाकण. त्यांनी बोटं लावून कोरा पट्टा मोजला.

"जुई, दगड वाढलेला नाही," ते हळूच म्हणाले. "जमीन खाली गेली आहे. हा कोरा पट्टा गेल्या वर्षी मातीत होता. चार बोटं माती वाहून गेली गं, आणि तिच्याबरोबर मुळांचा आधारही. याला मृदाधूप (पावसाने किंवा वाऱ्याने माती झिजून निघून जाणे) म्हणतात."

"पण झाकणाखालची का नाही गेली?"

आजोबांनी दोन पराती, बागेतली माती आणि झारी आणायला सांगितली. मातीने भरलेल्या दोन्ही पराती त्यांनी विटेला टेकवून तिरक्या ठेवल्या. एका परातीतली माती उघडीच ठेवली, दुसरीवर केरोबाच्या टोपलीतली पानं पसरली.

"आता उंचावरून पाणी घाल. दोन्हीवर सारखंच."

उघड्या मातीवर थेंब ताडताड आदळले. प्रत्येक थेंबासरशी मातीचे कण उडाले, आणि वरून धावणाऱ्या पाण्याने ते उचलून नेले. खाली ठेवलेल्या वाटीत चहासारखं गढूळ पाणी जमलं. दुसऱ्या वाटीत पाणी उशिरा आलं, थोडंच आलं आणि बरंच नितळ आलं.

"थेंब पानावर आपटला," जुईली विचार करत म्हणाली, "म्हणून मातीला लागलंच नाही! झाकणाचंही तेच झालं."

"शाब्बास. आणि पानांत अडखळत गेल्यामुळे पाण्याला मुरायला वेळ मिळाला. जे मुरत नाही ते वरून पळतं. त्याला अपधाव (जमिनीत न मुरता उतारावरून वाहून जाणारे पाणी) म्हणतात. पाणी जितक्या वेगाने पळेल तितकी जास्त माती उचलतं. वेग दुप्पट झाला, तर त्याची ताकद दुपटीहून कितीतरी जास्त वाढते."

जुईलीने सरळसोट चराकडे बघितलं. मग केरोबाच्या खराट्याकडे. मग आजोबांकडे.

"हो," आजोबा म्हणाले. "कोट्यवधी किलोमीटरवरची माती मी ओळखतो, आणि घरामागची मीच घालवली. पानांची चादर काढून घेतली, वर पाण्याला पळायला रस्ताही करून दिला. तुझ्या आजीचं झाड मीच उघडं पाडलं."

"अजून पडलेलं नाही," जुईली ठामपणे म्हणाली. "सोमवारला तीन दिवस आहेत."

केरोबाला पटवणं सोपं नव्हतं.

"पान म्हणजे केर," तो म्हणाला. "केर उचलायचा, असं मला शिकवलं आहे."

"चुकीचं शिकवलं होतं," आजोबा म्हणाले. "आता असं कर. उताराला आडवा चालत जा. वर चढायचं नाही, खाली उतरायचं नाही. पावलागणिक मुठीतून रांगोळी सोड."

केरोबा निघाला. त्याच्या पोटातलं यंत्र उंचीतला केसाएवढा फरकही ओळखत असे. मागे उमटलेली रेघ सरळ नव्हती. दगडाला वळसा घालून, खोलगटात आत शिरून ती नागमोडी गेली.

"रेघ वाकडी झाली," केरोबा कुरकुरला.

"वाकडी, पण सपाट!" आजोबा म्हणाले. "ही समपातळी रेषा (सारख्याच उंचीवरच्या बिंदूंना जोडणारी रेघ). तिच्यावर बांध घातला, की पाण्याला एका बाजूला पळायला उतारच सापडत नाही. ते सगळीकडे सारखं थबकतं आणि बरोबरची माती बांधामागे टाकून देतं."

अशा तीन रेघा आखल्या. त्यांच्यावर दगड रचले, मागे पानं दाबली, आणि पुढे विहिरीजवळच्या गवती चहाचे गड्डे लावले, म्हणजे त्यांची दाट मुळं माती धरून ठेवतील. चरात जागोजागी दगडांचे अडसर घातले. फार पाणी झालंच तर ते घरावर न येता बाजूच्या गवतात सावकाश जावं, अशी वाट ठेवली. रातांब्याच्या मुळांवर खालून आणलेली माती हलक्या हाताने पसरली, कललेल्या बाजूला बांबूचा टेकू दिला. शनिवारी दुपारी जुईलीच्या हातांना फोड आले होते आणि आजोबांची कंबर धरली होती. केरोबाला काहीच झालं नव्हतं, आणि तो ते पुन्हा पुन्हा सांगत होता.

रविवारी पाऊस कोसळला. दिवसभर जुईली खिडकीला नाक लावून बसली. बांधांमागे पाणी साठलं, थबकलं, हळूहळू मुरलं. एका ठिकाणी दगड घसरले, तर केरोबा भिजत जाऊन ते बसवून आला. झाड वाऱ्याने हललं की ती बांबूचा टेकू जागेवर आहे ना ते बघायची.

सोमवारी सुलक्षणाताईंनी कोनमापक लावला. पुसून पुन्हा लावला.

"अकराच. येवढ्या पावसात!" त्यांनी बांधांवरून नजर फिरवली. "बरां तर, काका, वर्सभर ऱ्हवांदे. पुढच्या पावसात परत बघूया. आणि ह्यां कसां केलात, ता माझ्या परसात येऊन दाखवा."

"मला नाही, हिला विचारा," आजोबा म्हणाले.

वर्ष सरलं. वाडीतल्या सात परसांत केरोबाने वाकड्या रेघा आखल्या. आता त्याला सरळ रेघा फारशा आवडत नाहीत. मे महिन्यात रातांबे लालभडक पिकले. सरबताचा पेला घेऊन जुईली दगडावर बसली, आणि तिचे तळवे मातीला अलगद टेकले.

"मी वाढले की जमीन?" तिने विचारलं.

आजोबांनी वाकून कोरा पट्टा मोजला. चार बोटांचा तो आता तीन बोटं उरला होता.

"दोघी," ते म्हणाले. "वरून येणारी माती बांधाने अडवली. पण नवी माती बोटभर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. मंगळावर माणसं राहायला गेली, तर जिवंत माती त्यांना मुठीमुठीने तयार करावी लागेल. तेव्हा ती सांभाळायची कशी, ते सांगायला तू जा."

इतक्यात रातांब्याचं एक वाळकं पान आजोबांच्या पायाशी पडलं. जुन्या सवयीने त्यांनी ते उचललं आणि केरोबाच्या टोपलीत टाकलं.

केरोबा थांबला. त्याने टोपलीतून पान काढलं, झाडाच्या बुंध्याशी नेऊन नीट पसरलं आणि आजोबांकडे वळून म्हणाला, "हा केर नाही."