सव्वा सेकंद आधीचा खो

दुतोंड्या राक्षस मरायला टेकला की दर वेळी पुन्हा ठणठणीत कसा व्हायचा, हे कोडं फलटणच्या आमच्या अख्ख्या क्रीडामंडळाला सुटलं नव्हतं. ते सोडवलं मी आणि सायमाने. हो, आम्ही दोघींनीच! कसं ते नीट ऐका, कारण यात थोडं विज्ञान आहे आणि बरीच आरडाओरड आहे.

मी केतकी मुळीक, इयत्ता नववी. आमचं मंडळ खो-खोचं. मैदानाला लागून असलेल्या हॉलमध्ये गेल्या वर्षी एक आर्केड यंत्र आलं, म्हणजे कपाटाएवढं उभं खेळयंत्र. समोर पडदा, खाली दांडी आणि बटणं. खेळाचं नाव ‘आखाडा आणि विवर’. हा क्रॉसओव्हर खेळ आहे (दोन वेगळ्या खेळांतली पात्रं एकाच मैदानात उतरतात असा). ‘आखाडा’ हा आपल्या पृथ्वीवरचा जुना खेळ. ‘विवर’ हा चंद्रावरच्या वस्तीत तयार झालेला (विवर म्हणजे उल्का आदळून पडलेला खड्डा). आता दोन्हींची मिळून जोडी जमवायची. पृथ्वीवरून एक खेळाडू, चंद्रावरून एक, आणि समोर दोन तोंडांचा दुतोंड्या.

माझं पात्र हलगीवाली. ती हलगी कडाडून वाजवते आणि आवाजाच्या लाटांनी शत्रूला लोळवते. सायमाची धूळकेशी. तिचे केस चंद्राच्या धुळीचे आहेत आणि ते ती चाबकासारखे फिरवते. मैदानात एका वेळी एकीनेच लढायचं. मी लढत असते तेव्हा लढत आमच्या यंत्रात चालते. मी बदलीचं बटण दाबलं आणि मैदानाची रेघ ओलांडून बाहेर पडले की तीच लढत सायमाच्या यंत्रात पुढे सुरू होते. त्या बटणाला आमच्याकडे कुणीही ‘बदली’ म्हणत नाही. सगळे म्हणतात ‘खो’.

आणि नियम एकच, पण खतरनाक. मैदान रिकामं राहिलं की दुतोंड्याची ताकद भराभर भरते.

सायमा मुजावर माझ्याच वयाची. तिचे आईवडील मिरजेचे, पण ती जन्मली चंद्रावर. दर शनिवारी दुपारी आम्हाला तासभर खेळायला मिळायचं. त्या शनिवारी आम्ही दुतोंड्याला अगदी कोपऱ्यात घेतला होता. मी खो दिला आणि बाहेर पडले. मैदान रिकामं. राक्षसाची ताकदपट्टी सरसर वर. मग कधीतरी धूळकेशी आत आली!

“अगं, झोपली होतीस काय?” मी ओरडले.

मी ओरडल्यावर थोडा वेळ सायमा पडद्याच्या कोपऱ्यातल्या तिच्या चौकटीतून नुसतीच बघत राहिली आणि मग एकदम उसळली, “मी झोपले? खो ऐकल्या ऐकल्या उठले मी! तूच उशिरा देतेस, ढालगज!”

“मी बाहेर पडतानाच देते!”

पुन्हा ती नुसतीच बघत राहिली. मला वाटलं, मुद्दाम भाव खातेय. मी दांडीवर हात आपटला. मग ती हळू आवाजात म्हणाली, “भांडू नकोस गं. आज शेवटचाच दिवस आहे बहुतेक.”

“म्हणजे?”

“वस्तीप्रमुख म्हणतात, पृथ्वी आणि चंद्र मिळून खेळता येतच नाही. इतक्या महिन्यांत एकाही जोडीने दुतोंड्याला पाडलं नाही. आजही नाही पडला, तर यंत्र उचलणार आणि तिथे भाजीचे वाफे करणार.” मग तिने खांदे उडवले. “मला काय, पालक आवडतो.”

मला माहीत होतं तिला पालक आवडत नाही. आणि त्या वस्तीत बाकी सगळी मुलं पाळण्यातली होती. सायमाशी खेळायला तिथे कुणी नव्हतंच. माझा राग खाडकन उतरला.

“शिट्टीराव!” मी हाक मारली.

शिट्टीराव म्हणजे आमच्या मंडळाचा पंच-रोबो. आधी तो मैदानावर असायचा, आता हॉलमध्ये. छातीत शिट्टी, डोक्यात सगळे नियम.

“तुम्ही सांगा, चूक कुणाची?”

“निर्णय देण्याआधी मोजमाप,” शिट्टीराव म्हणाला. “केतकी, तू ‘खो’ म्हण. सायमा, तुला ऐकू आलं की लगेच ‘ओ’ म्हण. मी वेळ मोजतो.”

“खो!”

आम्ही वाट बघितली.

“ओ!”

“अडीच सेकंद,” शिट्टीराव म्हणाला. “थोडं जास्तच.”

“बघा! अडीच सेकंद झोपते ही!”

“केतकी, तुझा ‘खो’ उडत गेला का तिच्याकडे?”

“नाही... रेडिओलहरींनी गेला.” (रेडिओलहरी म्हणजे डोळ्यांना न दिसणारा एक प्रकारचा प्रकाशच. मोबाईलचं बोलणं त्यांच्यावरूनच जातं.)

“आणि त्यांचा वेग?”

“प्रकाशाएवढा.” हे आम्हाला शाळेत आहे. “त्याहून वेगाने काहीच जाऊ शकत नाही.”

“पण चंद्र इतका लांब आहे की प्रकाशालाही तिथे पोचायला सुमारे सव्वा सेकंद लागतो. तुझा खो जायला सव्वा, तिचा ओ यायला सव्वा.”

म्हणजे ती भाव खात नव्हती. माझं बोलणं वाटेत होतं! सायमा खो ऐकताच उठत होती, मी बाहेर पडताच खो देत होते, दोघीही खऱ्या होत्या. आणि मधल्या सव्वा सेकंदात दुतोंड्या पोटभर जेवून घेत होता.

“मग मी खो सव्वा सेकंद आधीच देते!” मी म्हणाले. “मैदानात असतानाच! तो तिथे पोचेल त्याच क्षणी मी बाहेर पडेन.”

शिट्टीरावच्या छातीतली शिट्टी आपोआप वाजली. “फाऊल! खो देताना हात पाठीला लागलाच पाहिजे. लांबून खो नाही!”

“अहो शिट्टीराव, चंद्राच्या पाठीला हात कसा लावू?”

तो क्षणभर घुमला. “या खेळाच्या नियमांत तशी अट नाही,” त्याने कबूल केलं. खरं सांगते, ही चूक फक्त आमच्याच मंडळात होऊ शकते. पहिलीपासून आमच्या डोक्यात बसलंय की पाठीला हात लागेल तेव्हाच खो. त्यामुळे आधी खो द्यायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

आम्ही पुन्हा खेळलो. मी आधी खो दिला, मग सव्वा सेकंद लढले आणि बाहेर पडले. सायमा वेळेवर आत! पण लगेच पडदा लाल झाला. ‘गफलत. दुतोंड्याची ताकद पूर्ण.’

“आता काय झालं?” सायमा रडकुंडीला आली होती.

मी दांडी सोडून विचार करायला लागले. खो सुटला तेव्हा दुतोंड्या डावीकडे होता. त्यानंतर मी उडी मारली, त्याला ढकललं, तो उजवीकडे गेला. पण ही बातमी खोच्या मागून निघाली होती. सायमाच्या यंत्राला वाटत होतं तो अजून डावीकडेच आहे. एकाच लढतीच्या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या!

“त्या सव्वा सेकंदात तू काय करतेस ते मला कळायला हवं,” सायमा म्हणाली.

“पण कळणार कसं? बातमी तर वाटेतच असणार.”

शिट्टीरावने विचारलं, “केतकी, तुला सतराचा पाढा येतो?”

“येतो की.”

“सायमालाही येतो. दोघींनी एकाच क्षणी, एकाच चालीत म्हणायला सुरुवात केली. तू ‘सतरा पंचे पंच्याऐंशी’ला पोचलीस. सायमा कुठे असेल?”

“पंच्याऐंशीलाच.”

“तिला विचारलंस?”

नाही विचारलं! विचारायची गरजच नव्हती! सुरुवात एक, नियम एक, पायऱ्या एक, तर उत्तरही एकच. मग दोघींमध्ये कितीही अंतर असो. दोन्ही यंत्रांमधला दुतोंड्या सारखाच आहे, एकाच नियमाने वागतो. मी खो देताना पुढच्या सव्वा सेकंदात काय काय करणार ते खोबरोबरच पाठवलं, तर? सायमाचं यंत्र खो मिळताच तेवढं गणित झटकन करेल, आणि तिच्या पडद्यावर आत्ताचं मैदान येईल. जुनं नाही, आत्ताचं!

मी हे सायमाला एका दमात सांगितलं. सव्वा सेकंद गेला जायला, सव्वा यायला, आणि मग तिचा चेहरा उजळला.

“पण मग तू जे सांगशील तेच करायचं हं,” ती म्हणाली. “मध्येच काही सुचलं तरी नाही.”

ही अट माझ्यासाठी सगळ्यात अवघड. मला मध्येच सुचतंच! खो-खोत मी हुलकावणीसाठी प्रसिद्ध आहे.

शिट्टीरावने रेडिओवरूनच दोन्ही यंत्रांत तशी सोय करून दिली. शेवटचा डाव. एव्हाना सराव संपवून अख्खं मंडळ हॉलमध्ये जमलं होतं. मी दुतोंड्याला बडवत बडवत आणला. त्याची पट्टी नखाएवढी उरली. माझी हलगीवालीही दमली होती. मी खो दाबला आणि सोबत पाठवलं: एक पाऊल पुढे, खालून वार, पुन्हा खालून वार, बाहेर.

खो सुटला, आणि दुतोंड्याने गदा डोक्यावर उचलली.

“हूल दे! केतके, हूल दे!” मागून पोरी किंचाळल्या. माझा अंगठा मागच्या बटणाकडे निघालासुद्धा. एक उडी मारली असती तर वाचले असते. पण मग सायमाच्या यंत्रात एक हलगीवाली आणि माझ्या यंत्रात दुसरीच. मी अंगठा मागे घेतला. एक पाऊल पुढे. खालून वार. गदा माझ्या डोक्यात बसली. पडदा हादरला. माझी ताकद दोरीसारखी बारीक झाली. पुन्हा खालून वार. बाहेर.

आता माझ्या पडद्यावर मैदान रिकामं. चंद्रावर जे घडत होतं त्याची बातमी यायला सव्वा सेकंद लागणार होता. एवढा लांबलचक सव्वा सेकंद मी आयुष्यात पाहिला नाही.

मग धूळकेशी दिसली. दुतोंड्याच्या अगदी पाठीशी, जिथे मी त्याला सोडला होता तिथेच! एकदाच केस फिरवले तिने. दुतोंड्या दोन्ही तोंडांवर आपटला.

हॉलमध्ये जो गलका झाला त्याची तुम्हीच कल्पना करा. शिट्टीरावने नियमात नसलेली लांबलचक शिट्टी मारली. आणि मला जाणवलं, मी वाट बघत होते तेव्हा तिकडे दुतोंड्या पडूनही गेला होता.

“केतकी!” सायमा ओरडत होती. “गदा बसली ना तुला? खो मिळाल्याबरोबर माझ्या यंत्राने गणित केलं आणि तू जखमी झालेली दिसलीस! तरी हलली नाहीस तू!”

“शब्द दिला होता ना,” मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. निघू दे.

तिच्यामागे वस्तीप्रमुख उभे होते. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, मग सायमाकडे. “वाफे भोजनगृहाच्या मागे करू,” ते म्हणाले. “आणि मला जरा हे सव्वा सेकंदाचं गणित समजावून सांग बरं.” सायमाने खुर्ची ओढली आणि चंद्रावरच्या सगळ्यात मोठ्या माणसाला ती सतराच्या पाढ्यापासून शिकवू लागली. मी मध्ये अजिबात बोलले नाही. म्हणजे, फारसं नाही.

काल तिचा निरोप आला. मंगळावर जाणाऱ्या पहिल्या कुटुंबात एक मुलगी आहे, तिला आमच्यात खेळायचंय. मंगळ जवळ असतो तेव्हाही खो पोचायला काही मिनिटं लागतात, आणि लांब गेला की वीसहून जास्त! इतक्या मिनिटांचं आधीच ठरवून, ते जसंच्या तसं पाळायचं म्हणजे काय चेष्टा आहे? शिट्टीराव म्हणतो, अशक्य. पण आम्ही दोघी कागद घेऊन बसलोय, आणि पहिली काही पावलं जमलीसुद्धा आहेत.