पिराजी मास्तरांची थाप

भूतबित मी मानत नव्हतो. पण हे माझ्याच वर्गात घडलंय, गेल्या मार्चमध्ये, शिरोली एमआयडीसीजवळ. तेही भर दुपारी.

मोठ्या माणसांना फाउंड्रीचं काम शिकवायला मी तिथं नुकताच लागलो होतो. पेटीत वाळू ठासून साचा करायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. आधी पिराजी मास्तर शिकवायचे. ते दिवाळीत वारले.

पण वर्गातून काही हलले नाहीत. मी काहीही सांगितलं की, "मास्तर असं न्हाई सांगत"... ऐकून कान किटले. डिप्लोमा माझ्याकडे, आणि मान मेलेल्या माणसाला!

त्या दुपारी सगळ्यांच्या पेट्या भरून झाल्या. तपासायला मला कोणी बोलावलं नाही. सगळे आपापल्या पेटीजवळ उभे.

"कशाची वाट बघताय?"

मुरगूडचा आकाराम, वयानं माझ्यापेक्षा मोठा, हळूच म्हणाला, "थाप पडू दे की, सर. साचा जमला की मास्तर पेटीवर थाप मारत्यात."

"मारायचे," मी म्हणालो.

सगळ्यांनी पेट्यांवरचे हात काढले...

थप्प.

आकारामच्या पेटीवर. जवळ कुणाचाच हात नव्हता.

थप्प... लीलाताईंच्या पेटीवर. वाळू उडालेली मी पाहिली.

मग पुढची. मग त्याच्या पुढची.

अंगावर काटा आला. पण खरं सांगू? भीतीपेक्षा माझा जळफळाटच जास्त झाला.

मी एक पेटी ओढली. जीव तोडून वाळू ठासली. अंगठ्यानं दाबून पाहिली, घट्ट होती. सगळे बघत होते. मी थांबलो...

काहीच नाही.

"ओता!" मी ओरडलो.

"नको, सर. थाप पडली न्हाई."

मी स्वतःच ओतलं.

संध्याकाळी साचे फोडले. सगळ्यांचं काम स्वच्छ निघालं. माझं तेवढं फुगलेलं, भंगारात टाकायच्या लायकीचं.

आकारामनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "वाईट वाटून घिऊ नगासा. आमालाबी मास्तरांनी लगीच थाप दिली न्हवती."

मी तडक ऑफिसात गेलो. पूर्णिमा मॅडमना विचारलं, "या लोकांना पिराजी मास्तरांनी किती दिवस शिकवलं?"

"यांना?" मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. "ही बॅच जानेवारीतली. तुम्ही येईपर्यंत त्यांना शिकवायला कोणीच नव्हतं."

नोकरी सोडावी असं रोज वाटतं. सोडवत नाही.

सगळे जेवायला गेले की मी दार लावतो, एक पेटी भरतो...

आणि मान खाली घालून थांबतो.