वेसलने पियानोवरून हात उचलले तेव्हा

"अहो, जरा दमानं! माझ्यामागे काय वाघ लागलाय?"

कसरत मधेच थांबवून रूलीन ओरडली, रागानं पियानोकडे वळली... आणि कानापर्यंत लाल झाली. पियानोवर नेहमीच्या डिना मावशी नव्हत्याच. गळ्यातला मफलरही न काढता एक उंच, सडपातळ तरुण बसला होता.

"वाघ नाही, मी आहे," तो शांतपणे म्हणाला. "डिना मावशी बर्फावरून घसरल्या, मनगट मोडलंय. मी त्यांचा भाचा, वेसल. आणि राग मानू नका, पण घाई मी करत नाहीये. तुम्हीच डाव्या पायाला जपताय."

हॉलमधल्या पोरी खुदकन हसल्या. रूलीनला मात्र हसू आलं नाही. डाव्या टाचेमागची शीर गेले तीन आठवडे ठणकत होती, आणि ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. तिला शिकवणाऱ्या कोक बाईंना तर नाहीच नाही.

रूलीन वीस वर्षांची होती. डेव्हेंटरच्या त्या जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये एवढ्या वयाची दुसरी कोणी नव्हती. रिबिनी बांधलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी तिला 'आजी' म्हणायच्या. मागच्या ऑलिंपिकला ती राखीव म्हणून गेली होती आणि बाकावर बसून परतली होती. आता मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिकसाठी सहा मुली निवडायच्या होत्या. यानंतर पुन्हा संधी नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळत होतं?

एका दिवसापुरता आलेला वेसल राहिलाच. सराव संपला की दोघं आयसेल नदीच्या बांधावरून सायकली हातात धरून चालत निघायची. सायकलवर बसलं तर घर फार लवकर यायचं ना! बारीक, तिरपा पाऊस तोंडावर यायचा, आणि वारा असा, की बोललेलं ऐकू यायला जवळजवळच चालावं लागायचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"तू तर माझ्याकडे पाठ करून बसतोस," ती एकदा म्हणाली. "मग माझं सगळं कळतं कसं तुला?"

"ऐकू येतं. तुझी पावलं मी डोळे मिटून ओळखीन."

"आणि बाकीच्या पोरींची?"

"बाकीच्यांना पावलं आहेत?"

"चल, लबाड!" तिनं त्याला कोपरानं ढोसलं. पण त्या संध्याकाळी घरी गेल्यावर वाटाण्याच्या सूपमध्ये चमचा नुसताच फिरत राहिला, आणि आईला दोनदा हाक मारावी लागली.

एप्रिलमध्ये ती लंगडायला लागली. हॉलमध्ये नाही, फक्त बांधावर, त्याच्यासमोर.

"डॉक्टरांना दाखव, रूलीन."

"दाखवलं तर विश्रांती घे म्हणतील."

"आणि शीर तुटली तर?"

"तर तुटली." तिनं त्याची बाही पकडली. "शपथ घे, बाईंना सांगणार नाहीस."

"ऐक ना जरा—"

"शपथ घे, वेसल!"

त्यानं घेतली. तिनं टाचा उंचावून त्याच्या ओल्या गालावर ओठ टेकले, तेव्हा डाव्या पायातून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. त्याला ते आनंदाचं वाटावं, म्हणून ती हसली.

मे महिन्यात उट्रेख्टला निवड होती. तीन प्रकार संपले तेव्हा रूलीन पाचवी होती. राहिली होती फक्त जमिनीवरची कसरत. दीड मिनिटाची.

"पाय कसा आहे, आजीबाई?" कोक बाईंनी विचारलं. त्यांनाही काहीतरी जाणवलं असावं.

"झकास, बाई."

वेसलचा पियानो सुरू झाला. पहिली उडी नीट उतरली. दुसरी उतरताना टाचेत काहीतरी बारीक 'टक्' असं वाजलं. पंचांना ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. ती कोपऱ्यात गेली, हात उंचावले, शेवटच्या धावेसाठी श्वास घेतला...

आणि पियानो थांबला.

तिनं मान वळवली. वेसलचे हात मांडीवर होते. पहिल्यांदाच तो पूर्ण वळून तिच्याकडे बघत होता — पांढराफटक चेहरा, आणि मान हलत होती. नको... नको.

ती धावली. त्या भयाण शांततेत तिची तिलाच पावलं ऐकू येत होती. उसळी, हवेत गिरकी, आणि दोन्ही पाय घट्ट जमिनीवर. शीर तुटली नव्हती.

संगीताविना केलेल्या भागाचे गुण कापले गेले. दोन दशांशांनी ती सातवी आली. पुन्हा राखीव.

"पियानोवाल्याला काय झालं गं?" तिच्या खांद्यावर कोट टाकत बाईंनी विचारलं.

"माहीत नाही, बाई."

बाहेर बसपाशी तो उभा होता. "मी शपथ मोडली नाही," तो कसाबसा म्हणाला.

"नाही. त्याहून वाईट केलंस."

"तो आवाज ऐकला मी. वाटलं, आता गेला पाय... बोटं हलेचनात, रूलीन. माझा जीव आहे गं तुझ्यावर."

जानेवारीपासून हे ऐकण्यासाठी ती थांबली होती. बांधावर, पावसात, रोज. आणि आले हे शब्द, तर आज आले.

"माझाही आहे," ती म्हणाली. "अजून आहे. तेच तर... पण पाय माझा होता, वेसल."

"उद्या तो—"

"मोडला असता ना, तर तुझ्या खांद्यावर हात टाकून घरी आले असते. जन्मभर लंगडले असते आणि तुला एका शब्दानं बोलले नसते. आता कशी येऊ?"

त्यानं आधारासाठी हात पुढे केला. तो तसाच राहिला.

बसच्या तीन पायऱ्या ती एकटीच चढली. पाय अगदी नीट टेकत होता.